कविता कळत नाही, म्हणून वाचक मंडळ सोडू का?

पत्राचा सारांश: कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या, पंचेचाळिशीच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. मुलं मोठी झाल्यावर वाचनाची जुनी आवड पुन्हा वर आली आणि त्या गावच्या वाचनालयातल्या वाचक मंडळात जाऊ लागल्या. कादंबऱ्या, कथा, आत्मचरित्रं त्या झपाट्याने वाचतात आणि त्यांवर बोलतातही. यंदा मंडळाने वर्षभर 'आरंभापासून आजपर्यंत' असं क्रमाने वाचायचं ठरवलं. मराठी आणि मराठीबाहेरचंही, आणि त्यात निम्मी कविता. पहिल्याच बैठकीत ताईंनी प्रांजळपणे सांगितलं, "मला कविता कळत नाही." त्यावर एक ज्येष्ठ सभासद सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याला कविता कळत नाही, त्याला साहित्यच कळलं नाही." तेव्हापासून ताई बैठकीला गेलेल्या नाहीत. त्या विचारतात: मंडळ सोडावं का? कवितेसाठी वेगळी बुद्धी लागते का? आता शिकायचंच तर ज्ञानेश्वरीपासून ओळीने सुरुवात करावी का? आणि परभाषांतली कविता अनुवादातून वाचण्यात काही अर्थ आहे का? पत्राच्या शेवटी जाता जाता त्यांनी लिहिलंय, "वडिलांमुळे अभंग पुष्कळ पाठ आहेत, पण ते वेगळं."

प्रिय ताई,

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण सगळ्या प्रश्नांची गाठ मला तिथेच दिसते. अभंग पुष्कळ पाठ आहेत, "पण ते वेगळं." वेगळं का? तुकोबांचे अभंग कवितेत धरायचे नाहीत असं ठरवलं, तर मराठी कवितेत उरतं काय? ज्या मंडळात तुम्ही "कविता कळत नाही" असं सांगितलंत, तिथल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्त कविता तुमच्या जिभेवर असण्याची शक्यता आहे. तेव्हा वेगळ्या बुद्धीची शंका मनातून काढून टाका. अडतंय ते दुसरीकडे.

वडिलांकडचा अभंग तुमच्यापर्यंत कसा आला ते आठवून बघा. त्याच्याबरोबर आवाज होता, चाल होती, काकड्याची किंवा एकादशीची वेळ होती, आणि त्याच्याभोवती कुणीतरी बोलत होतं. कीर्तनाची घडणच तशी आहे. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगाला एक अभंग घेतात, त्याच्या एकेका चरणावर निरूपण करतात, श्लोक-ओव्यांची प्रमाणं देतात, उत्तररंगात एखादं आख्यान लावतात आणि शेवटी पुन्हा त्याच अभंगावर येतात. चार-सहा कडव्यांची कविता, आणि तिच्यासाठी तास-दोन तासांचं बोलणं. पोवाड्यातही शाहीर मध्येच थांबून गद्यात प्रसंग सांगतो आणि मग पुढचा चौक उचलतो. कोण बोलतंय, कुणाशी, कोणत्या वेळी, हे कवितेच्या शेजारी बसलेलं गद्य आपल्या लोकांना शतकानुशतकं सांगत आलं.

आजचा छापील कवितासंग्रह हे शेजारचं गद्य बरोबर आणत नाही. वर शीर्षक, खाली आठ-दहा ओळी, बाकी पान मोकळं. कादंबरीचं तसं नसतं. गाव, घर, ऋतू, कोण कुणावर का रागावलंय, हे सगळं ती स्वतःच पुरवते. म्हणून कादंबरी कळते आणि कविता कळत नाही असं वाटतं. कवितेजवळून निघून गेलेलं ते गद्य आता वाचकाने स्वतः उभं करायचं असतं. आणि तुमच्यासारख्या मुरलेल्या कादंबरी-वाचकाला ते काम इतर कुणाहून चांगलं जमेल, असं मला मनापासून वाटतं.

याचा आपल्याच भूमीतला फार जुना दाखला आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे ७०० गाथा, प्रत्येकी दोनच ओळींच्या. अगदी सुरुवातीच्या गाथांपैकी एकीचा अर्थ असा: भाताची शेतं पांढरी पडू लागली म्हणून मान खाली घालून रडतेस कशाला? तागाचं वावर बघ, हरताळाने चेहरा रंगवलेल्या नटीसारखं झालंय. एवढंच. नुसतं वाचलं तर मनात येतं, बरं, मग? भात पिकल्याचं दुःख कशाला करायचं? जुने टीकाकार इथे एक वाक्य जोडतात: हे एक मैत्रीण दुसरीला सांगते आहे, दुसरी भाताच्या शेतात प्रियकराला भेटत असे. आता भात कापला जाणार, भेटीची जागा जाणार. पण ताग उंच झालाय, पिवळा फुललाय, तिथे आडोसा आहे. त्या एका वाक्याने गाथा उजळते. रडणारी मुलगी दिसते, समजूत घालणारी खट्याळ मैत्रीण दिसते, गावातली पाळत दिसते. दोन हजार वर्षांच्या आसपासच्या या परंपरेत टीकाकारांनाही 'कोण कुणाला म्हणतंय' हे गद्यात लिहून ठेवावं लागलं. मग तुम्हाला आणि मला ते लागलं तर त्यात कमीपणा कसला?

जपानमध्ये ही जोडी आणखी उघड दिसते. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या दरबारातल्या स्त्रीने लिहिलेल्या 'गेंजी मोनोगातारी' या कादंबरीची ५४ प्रकरणं आहेत आणि त्यांत जवळजवळ ८०० छोट्या कविता आहेत. पात्रं एकमेकांना कवितेतून निरोप पाठवतात, रुसतात, टोमणे मारतात. कागद कसा होता, अक्षर कसं होतं, सोबत कोणती डहाळी बांधली होती, हे गद्य सांगतं. त्या कवितांपैकी एक उचलून कोऱ्या पानावर ठेवा, निम्मा जीव जाईल.

आणि जपानी कवी बाशो. तुकोबांचं निर्वाण झालं तेव्हा हा लहान मुलगा होता. त्याचा जन्म १६४४चा. १६८९ साली सोरा नावाच्या शिष्याला घेऊन तो पायी उत्तरेकडे निघाला. त्या प्रवासाचं 'ओकु नो होसोमिची' हे पुस्तक तो गेल्यानंतर, १७०२ मध्ये छापलं गेलं. थोडं गद्य, मग एखादा हायकू, म्हणजे तीन ओळींची छोटी कविता, पुन्हा गद्य. वाटेत हिराइझुमी लागतं. तिथे एके काळी फुजिवारा घराण्याच्या तीन पिढ्यांचं वैभव होतं, मोठी लढाई झाली होती. आता तिथे शेतं आणि गवत. बाशोला चिनी कवी दू फूची ओळ आठवते, की राज्य मोडलं तरी डोंगर आणि नद्या तशाच राहिल्या. तो आपली टोपी खाली अंथरून बसतो आणि वेळेचं भान विसरून रडतो. त्यानंतर हायकू येतो, ज्याचा आशय इतकाच: उन्हाळ्यातलं गवत, योद्ध्यांच्या स्वप्नांचं एवढंच मागे उरलं. आता हा हायकू एकटा दिवाळी अंकाच्या कोपऱ्यात छापलेला भेटला, तर आपण 'छान' म्हणून पान उलटू. गद्यासकट वाचला की आत कुठेतरी लागतो. शिवाय ज्या दू फूची त्याला आठवण झाली, त्याने ती ओळ ७५७ साली लिहिली होती, राजधानी बंडखोरांच्या हातात गेलेली आणि तो स्वतः तिथे अडकून पडलेला असताना. एका उद्ध्वस्त नगरातली ओळ नऊशेहून अधिक वर्षांनी दुसऱ्या देशातल्या उजाड माळावर एका वाटसरूला उपयोगी पडते. साहित्याच्या परंपरा एकमेकींशी अशा बोलतात, आणि त्यांचं हे बोलणं गद्य-पद्याची वेस जुमानत नाही.

हे फक्त जुन्या काळचं आहे असं समजू नका. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला तेव्हा त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. त्यात तेंडुलकरांनी आपल्याला न कळलेल्या शब्दांविषयी मोकळेपणाने लिहिलंय. कवीला अर्थ विचारले, कवितांमधली वस्ती त्याच्याबरोबर फिरून पाहिली. मराठी भाषेवर इतकी हुकमत असलेला नाटककार एका तरुण कवीला विचारतो, की याचा अर्थ काय, हे ठिकाण कुठलं. तुमच्या मंडळात कुणी हे एवढं मोकळेपणाने केलंय का?

तेव्हा पहिली गोष्ट अशी करून पाहा. एक कविता घ्या आणि पेन्सिलीने शेजारी लिहा: कोण बोलतंय, कुणाशी, आत्ताच काय घडून गेलंय. कवितेत ते स्पष्ट नसेल तर अंदाज करा. कादंबरीत पहिल्या पंचवीस पानांत पात्रांविषयी अंदाज बांधता, तसाच. पुढच्या ओळीने अंदाज मोडला तर खोडा आणि दुसरा करा. सुरुवातीला इंदिरा संतांच्या कविता घ्या. त्यांत कुणीतरी कुणाशी तरी बोलतंय, वाट बघतंय, हे लगेच जाणवतं. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या घ्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईंनी शेतात, जात्यावर, चुलीपाशी रचलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी, जपली आणि ती त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुस्तकात आली. तिथे प्रसंग शोधावाच लागत नाही, तो तुमच्या ओळखीचाच असतो.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही मर्ढेकरांपाशी अडाल आणि पुन्हा स्वतःला दोष द्याल. १९४७च्या 'काही कविता'मधली ती प्रसिद्ध सुरुवात: "पिपात मेले ओल्या उंदिर; माना पडल्या, मुरगळल्याविण". इथे कोण बोलतंय? कुणाशी? उत्तर मिळत नाही. अशा वेळी प्रश्न बाजूला ठेवून ती कविता मोठ्याने म्हणा, तीनदा, चारदा. मग कानाला लागेल की 'ओठांवरती ओठ मिळाले' याच्यानंतर 'माना पडल्या' पुन्हा येतं, या वेळी 'आसक्तीविण'. एकदा मुरगळल्याविण, एकदा आसक्तीविण. मरणात मारणारा दिसत नाही आणि जवळ येण्यात ओढ दिसत नाही. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय, शहरं माणसांनी गच्च भरलीत. एवढं हाती लागलं तरी पुष्कळ झालं. या कवितेवर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली, तरी त्यांचं एकमत नाही. तुमचं आणि त्यांचं न कळणं काही बाबतींत एकाच जातीचं आहे.

'कळणं' या गोष्टीकडे आपण शाळेच्या वहीतून बघतो, ही खरी अडचण आहे. कवितेचा सरळ अर्थ गद्यात लिहिता आला म्हणजे कळली. पण तुम्हाला पाठ असलेल्या 'वृक्षवल्ली'त मध्यावर एक चरण आहे, "जाणवितो वारा अवसरु." वेळ काय झाली ते वारा सांगतो. रानात एकटा बसलेला माणूस, घड्याळ-घटिका काही नाही, वाऱ्याच्या बदलत्या स्पर्शावरून त्याला प्रहर उमगतो. हा चरण तुम्ही इतकी वर्षं म्हणत असाल, त्याचा अर्थ कधी लिहून काढला होतात का? आणि याच अभंगाचा शेवट बघा: "तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी." पक्ष्यांच्या सुस्वरापासून निघालेला अभंग स्वतःशीच घातलेल्या वादावर येऊन थांबतो. एकांत म्हणजे नुसती शांतता, असं तुकोबा म्हणत नाहीत. हे त्या अभंगात कायमच होतं. म्हणताना तुमच्यापर्यंत ते पोहोचतही असेल, फक्त त्याला 'कळणं' म्हणायचं तुमच्या मनात आलं नसेल.

आता त्या ज्येष्ठांच्या वाक्याकडे येते. मला ते वाक्य पटत नाही, आणि ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. त्यात असं गृहीत धरलंय की कविता वरच्या पायरीवर आणि गद्य खालच्या. हे गृहीत कुठल्या परंपरेतून आलं? संस्कृत काव्यशास्त्रातून तर नक्कीच नाही. तिथे काव्य म्हणजे गद्य, पद्य आणि मिश्र असे तिन्ही प्रकार, असं दंडी या जुन्या आचार्याने 'काव्यादर्श' या ग्रंथात स्पष्ट म्हटलंय. मिश्र म्हणजे चंपू. शेजारच्या कन्नडमध्ये दहाव्या शतकात आदिकवी पंपाने महाभारतावरचं आपलं काव्य चंपूतच लिहिलं. उलट संस्कृतात उक्ती अशी आहे, "गद्यं कवीनां निकषं वदन्ति." कवीची कसोटी गद्यात लागते. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारातल्या बाणभट्टाने 'कादंबरी' लिहिली ती गद्यात, आणि तिच्यातली पानभर लांबणारी वाक्यं वाचली तर गद्य सोपं असतं हा समज टिकत नाही.

छंद असला की कविता झाली, हाही तसाच समज. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० सालची. सगळं अंकगणित श्लोकांत आहे, कारण पाठांतराला छंद सोपा. फुलांवर बसलेल्या भुंग्यांची संख्या काढायला लावणारे सुंदर श्लोक त्यात आहेत, पण ते गणितच आहे. त्याच शतकात, आपल्या सीमेपलीकडच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवण्णा, अक्कमहादेवी, अल्लमप्रभू वचनं रचत होते. त्यांना ठरलेलं वृत्त नाही, ती बोलण्यासारखी चालतात. आणि कन्नड माणसाला विचारा, ती कविता आहे की नाही. मुक्तछंद ही काल-परवाची विलायती आयात आहे असं मंडळात कुणी म्हणालं, तर आठ शतकांपूर्वीची ही वचनं त्यांच्यापुढे ठेवा.

खुद्द मराठीत बघा. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं ते १२७८च्या सुमारास, ऋद्धिपूरला. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्याजवळ होत्या त्यांना गाठून, विचारून, गोळा केल्या. छोटी छोटी वाक्यं, संवाद, रोजचे प्रसंग. ज्ञानेश्वरी १२९०ची, नेवाशाची. मधे फक्त बारा वर्षं. मराठी साहित्याच्या दारातच गद्य आणि कविता अशा जवळजवळ उभ्या आहेत, आणि दोघींनी मराठीची निवड एकाच कळकळीने केलीय, की संस्कृत न येणारी साधी माणसं वंचित राहू नयेत. मग गद्य मागाहून आलं असं आपल्याला का वाटत राहिलं? एक कारण असं, की महानुभावांनी आपले ग्रंथ पुढे सांकेतिक लिप्यांत जपले आणि विसाव्या शतकापर्यंत ते पंथाबाहेर फारसे पोहोचलेच नाहीत. तोपर्यंत 'जुनं मराठी म्हणजे ओवी, अभंग, आर्या' हे चित्र पक्कं झालं होतं. तुम्ही गद्य वाचता म्हणजे आपल्या साहित्याच्या मागच्या दाराने आलात, असं मुळीच नाही.

फक्त गद्यच वाचत राहायचं, हाही मार्ग तुमच्यासाठी खुला आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि जगातलं सगळं गद्य एका जन्मात संपत नाही. पण पत्राचा सूर मला तसा वाटला नाही. कविता नकोच असं असतं तर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलं नसतं.

अनुवादाचा प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर कवितेगणिक बदलतं. कवितेतला प्रसंग आणि दृश्य दुसऱ्या भाषेत बऱ्यापैकी पोहोचतं. नाद आणि छंद सहसा मागे राहतात. म्हणून दू फू, बाशो हे कुठल्याही भाषेत थोडेतरी भेटतात, आणि ज्या फारसी गझलेत काफियाची, म्हणजे यमकाची, गंमत आहे ती अर्ध्याहून कमी भेटते. फारसीकडे जायचंच तर शेख सादीच्या 'गुलिस्ताँ'ने सुरुवात करा. १२५८ सालचं हे पुस्तक म्हणजे छोट्या गद्य गोष्टी आणि त्यांच्या पोटात बसवलेले शेर. तुमच्यासारख्या वाचकाला पाय ठेवायला तिथे घट्ट जमीन मिळेल. हायकूसाठी शिरीष पै आणि शान्ता शेळके यांची पुस्तकं वाचनालयात शोधा. आणि अनुवाद वाचताना एक काळजी घ्या. शक्य असेल तिथे एकाच कवितेचे दोन अनुवाद घ्या. मेघदूत यासाठी उत्तम, कारण चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शान्ता शेळके अशा कितीतरी जणांनी ते मराठीत आणलंय. त्यातला आषाढाच्या पहिल्या दिवसाचा श्लोक दोघा-तिघांकडून वाचा. ज्या शब्दाशी दोघं वेगळी वाट घेतात तिथे थांबा. मूळ कवितेत तिथेच काहीतरी घट्ट आहे, हे संस्कृत न येताही समजतं. गावात संस्कृतचे एखादे जुने शिक्षक असतील तर त्यांच्याकडून तो श्लोक त्याच्या मूळ मंदाक्रांता वृत्तात म्हणवून घ्या.

ज्ञानेश्वरीपासून ओळीने वाचायचं का? मी तरी नको म्हणेन. क्रम हा इतिहास लिहिणाऱ्याच्या सोयीचा असतो. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या आणि सातशे वर्षांपूर्वीची भाषा. पहिल्या महिन्यात त्यांच्यासमोर बसवलं तर निम्मं मंडळ श्रावणाच्या आत गळेल, आणि दोष बिचाऱ्या ज्ञानेश्वरीच्या माथी जाईल. वारकरी घरांतही ती कुणी अशी एका दमात 'संपवत' नाही, रोज थोड्या ओव्या, वर्षानुवर्षं. त्यापेक्षा उलट दिशेने जा, आजच्या ओळखीच्या भाषेतून मागे. किंवा शतक सोडून विषय धरा. समजा, एका महिन्याचा विषय 'दूर गेलेलं माणूस'. त्यात मेघदूतातला यक्ष येईल, गाथासप्तशतीतली वाटसरूची बायको येईल, युद्धात घरापासून तुटलेला दू फू येईल, आणि माहेर आठवणाऱ्या जात्यावरच्या ओव्या येतील. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने खेडोपाडी जाऊन अशा लाखाच्या वर ओव्या जमवल्या गेल्या. दळता दळता बायकांनी एकमेकींना दिलेलं ते काव्य आहे. आणि तुमच्या आवडीची एखादी कादंबरी त्याच विषयावरची निवडा, ती या कवितांच्या शेजारी ठेवा. कविता आणि गद्य एकमेकांना उजेड कसा देतात ते एका बैठकीत सगळ्यांना दिसेल.

राहिला मंडळाचा प्रश्न. सोडून दिलंत तर अपमानाची धग कमी होईल, पण गावात अशी पुस्तकांवर बोलणारी जागा बहुधा एकच असते, आणि ती एका वाक्यापायी गमावणं महाग पडेल. गप्प बसून जात राहिलात तर मनात कढ साचत राहील आणि कवितेवरचा राग वाढेल. हा मार्ग मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण बरेच वाचक नेमकं हेच करतात. परत जा, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. कार्यवाहांना सांगा की एका बैठकीची अर्धी वेळ तुम्हाला हवी. एक अभंग घ्या, तुम्हाला पाठ असलेला. आधी वडिलांच्या चालीत म्हणा. मग बुवा करतात तसं एकेका चरणापाशी थांबा आणि इतरांना विचारा: हे कुणाला म्हटलंय? इथे काय घडलंय? प्रत्येकाला बोलू द्या, चुकू द्या. त्यानंतर त्याच पद्धतीने मर्ढेकरांची अभंगाच्या वळणाची एखादी कविता सगळ्यांनी मिळून सोडवायचा प्रयत्न करा. सांगणारी एक आणि ऐकणारे बाकी, असं तिथे राहणार नाही. 'कळत नाही' हे वाक्य त्या दिवशी प्रत्येकाला कुठे ना कुठे म्हणावं लागेल, आणि मग ते कुणाला टोचणार नाही.

ज्यांच्या गावात मंडळच नाही, त्यांनी घरातलं एक माणूस धरावं. रोज रात्री एक कविता, एकाने वाचायची, दुसऱ्याने डोळे पुस्तकात न घालता ऐकायची, आणि नंतर दोघांनी त्या कवितेमागची गोष्ट दोन वाक्यांत सांगायची. दोघांच्या गोष्टी वेगळ्या निघाल्या तर पुन्हा वाचायची. शाळेत जाणारी मुलं घरात असतील तर त्यांना यात ओढावं, परीक्षेचं नाव न काढता. नुसत्या डोळ्यांनी भराभर वाचायची आपली सवय कादंबरीला चालून जाते. कवितेला आवाज लागतो, आणि एका बैठकीत एखादीच कविता पुरते. एका दमात अख्खा संग्रह वाचून काढणाऱ्याला दहाव्या पानानंतर सगळ्या कविता सारख्याच वाटू लागतात. त्यात कवीची चूक नाही आणि वाचकाचीही नाही, फक्त वेग चुकलेला असतो.

त्या ज्येष्ठांशी मात्र बैठकीच्या आधी एकदा बोला, समोरासमोर, दोघांतच. तुमचं बोलणं मला लागलं, एवढं साध्या शब्दांत सांगा. कदाचित ते दिलगिरी व्यक्त करतील, कदाचित करणार नाहीत. पण त्यांना कविता प्रिय आहे, हे त्या वाक्यातूनही दिसतं. तेव्हा त्यांना एक विनंती करा: तुमच्या अभंगानंतरची ती दुसरी कविता त्यांनी मोठ्याने वाचावी. कविता कोणती ते आठवडाभर आधी कळवा, म्हणजे त्यांना चार-पाच वेळा वाचून तयारी करता येईल.